किरणोत्सारी कचऱ्याचा सातबारा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही घरचे उरलेले चार यंत्रमाग भंगारात घातले. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांची घरं मागाच्या खडखडाटात झोपली आणि त्याच खडखडाटात जागी झाली, त्यांना त्या दिवसाचं वर्णन करून सांगायला नको. माग विकायला काढला की त्याला मागाचा भाव मिळत नाही, बिडाचा मिळतो. बीड वेगळं, लोखंड वेगळं, पितळेचे तुकडे वेगळे. तीस-पस्तीस वर्षं घर चालवलेलं यंत्र अर्ध्या तासात तीन ढिगांत वाटलं जातं. ते कुणाचं होतं, त्यावर काय विणलं गेलं, हे सांगणारी एकही खूण मागे राहत नाही.

अक्कलकोट रोडच्या त्या दुकानात काट्यापाशी उभा असताना कोपऱ्यात एक करडा, जाड पत्रा दिसला. वळकटीसारखा गुंडाळून ठेवलेला. नख दाबलं तर खूण उमटली.

"शिसं हाय मालक," दुकानदार म्हणाला. "कुठल्या तर जुन्या दवाखान्यातलं. पोरं घिऊन आली. भाव चांगला हाय सध्या शिशाला."

"कुठला दवाखाना? याच्यासोबत अजून काय आलं होतं?"

"काय की."

नंतर त्यानंच मागे पडलेला दरवाजा दाखवला. एक्स-रेच्या खोलीच्या दाराला आतून ठोकलेला तो पत्रा होता. म्हणजे घाबरण्यासारखं काही नव्हतं. एक्स-रेचं यंत्र वीज बंद केली की नुसतं लोखंड आणि काच. त्यात किरण साठून राहत नाहीत. पण हे दुकानदाराला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही खात्री नव्हती. कॅन्सरवरच्या उपचारासाठी कोबाल्ट वापरणारी जी यंत्रं असतात त्यांच्याभोवतीही शिसंच असतं. तसलं यंत्र आलं असतं तर तेही शिसं म्हणूनच काट्यावर चढलं असतं, त्याच दरानं.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून गेला नाही. अणुऊर्जेवर आपल्याकडे वाद होतो तो जैतापूरचा, तारापूरचा, किनाऱ्यावरच्या प्रकल्पांचा. सोलापूरला समुद्र नाही, अणुभट्टी नाही, म्हणून तो वाद आपला नाही असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं आहे की किरणोत्सारी पदार्थाचा धोका जिथे तो तयार होतो तिथे संपत नाही. ज्या दिवशी त्याला ओळखणारा शेवटचा माणूस बाजूला होतो, त्या दिवशी तो धोका खऱ्या अर्थानं सुरू होतो. आणि तो दिवस कुठल्याही गावात उगवू शकतो.

दिल्लीच्या मायापुरीत तो २०१० साली उगवला. मायापुरी हा भंगाराचा मोठा बाजार. एप्रिल महिन्यात तिथल्या काही कामगारांची कातडी काळी पडू लागली, केस गळू लागले, उलट्या थांबेनात. डॉक्टरांना किरणांचा संशय आला. माग काढत काढत तपास दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागापर्यंत पोहोचला. तिथे संशोधनासाठी कॅनडाहून आणलेलं गॅमा किरणांचं एक यंत्र होतं, १९६० च्या दशकाच्या अखेरीला घेतलेलं. १९८५ पासून ते वापरात नव्हतं. ज्यांनी आणलं त्यांना त्याची किंमत ठाऊक होती. मागून आलेल्यांना ते अडगळीतलं एक जड धूड वाटलं. फेब्रुवारी २०१० मध्ये जुन्या सामानाबरोबर त्याचाही लिलाव झाला. भंगाराच्या दुकानात त्याचं शिसं सोडवलं गेलं आणि आतल्या कोबाल्ट-६० च्या कांड्या उघड्या पडल्या, आपल्याकडे बाण्याच्या कांड्या असतात तशा हातात सहज मावणाऱ्या. त्यांचे तुकडे झाले, ते दुकानादुकानांत फिरले. एक कामगार दगावला. आणखी काही जण रुग्णालयात पडून राहिले.

इथे थोडं गणित मांडतो, कारण ते मला चैन पडू देत नाही. कोबाल्ट-६० चा जोर साधारण सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. आणखी सव्वापाच वर्षांत पाव. या हिशेबानं चाळीस वर्षांत तो जवळजवळ दोनशेव्या हिश्शावर येतो. म्हणजे विद्यापीठानं यंत्र घेतलं तेव्हाचा जोर जाऊन त्याचा दोनशेवा भाग उरलेला होता, आणि तेवढ्यानं एक माणूस मेला. या सगळ्यात चोर नव्हता. कट नव्हता, स्फोट नव्हता. रीतसर लिलाव झाला, रीतसर पावती फाटली.

ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ साली घडलं ते याहून भयंकर. एक खासगी किरणोपचार केंद्र जागा सोडून गेलं आणि सीझियम-१३७ चं यंत्र तिथेच राहिलं. सप्टेंबरात दोघांनी ते भंगारासाठी उचकटलं आणि विकलं. भंगारवाल्याला आतली भुकटी अंधारात निळी चमकताना दिसली. त्याला ती इतकी अपूर्व वाटली की त्यानं नातेवाइकांना, शेजाऱ्यांना थोडी थोडी वाटली. कुणी अंगाला लावली. एका लहान मुलीच्या हाताला ती लागलेली असतानाच ती जेवली. माणसं आजारी पडू लागली तेव्हा त्या भंगारवाल्याच्या बायकोनं सगळ्या दुखण्याचं मूळ ओळखलं आणि तो ऐवज पिशवीत घालून, बसमध्ये बसून, आरोग्य खात्याच्या कचेरीत नेऊन दिला. चौघांचा बळी गेला, ती मुलगी आणि ही बाई त्या चौघांत होत्या. २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात किरणोत्सारी द्रव्य सापडलं. एक लाख बारा हजारांच्या आसपास लोकांना मैदानात रांगा लावून तपासावं लागलं. घरं पाडली, माती खरवडली. मूळ ऐवज होता ९३ ग्रॅम, आणि त्यातून साडेतीन हजार घनमीटर किरणोत्सारी कचरा तयार झाला. तो आजही शहराबाहेर पुरलेला आहे.

त्या बाईचा मी पुष्कळदा विचार करतो. तिला कुणी प्रशिक्षण दिलेलं नव्हतं. यंत्रणेनं जे ओळखायला हवं होतं ते तिनं घरातल्यांच्या दुखण्यावरून ओळखलं.

आता अणुभट्टीच्या कचऱ्याकडे येऊ. या बाबतीत अणुऊर्जेच्या विरोधकांशी माझं एका मुद्द्यावर जमत नाही, ते आधी सांगतो. आपल्या फताटेवाडीला १३२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. भारतीय कोळशात तीस ते चाळीस टक्के राखच असते. म्हणजे शंभर गाड्या कोळसा आला की तीस-चाळीस गाड्या राख मागे राहणार, रोजच्या रोज, केंद्र चालू आहे तोवर. उन्हाळ्यात वारा सुटला की त्या राखेचं काय होतं ते आसपासच्या शेतकऱ्यांना विचारा. तेवढीच वीज अणुभट्टीतून काढली तर वर्षभरात निघणारं वापरलेलं इंधन काही ट्रकमध्ये मावेल. ते आधी काही वर्षं पाण्याच्या हौदात ठेवतात. मग आपल्या देशात त्यावर फेरप्रक्रिया होते: ट्रॉम्बे, तारापूर आणि कल्पाक्कम इथे. युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढतात. उरतो तो अतिशय तापट, अतिशय विखारी द्राव. तो बोरोसिलिकेट काचेत मिसळून, वितळवून, स्टीलच्या डब्यांत ओततात. काच एकदा थिजली की ते द्रव्य पाण्यात सहजासहजी उतरत नाही. हे डबे हवेनं थंड राहतील अशा भक्कम तळघरांत ठेवले जातात. हे काम आपल्या शास्त्रज्ञांना येतं, उत्तम येतं, आणि त्याबद्दल त्यांना श्रेय दिलंच पाहिजे.

तेव्हा कचरा फार आहे, हा आक्षेप मला पटत नाही. मला सतावतो तो प्रश्न वेगळा आहे. काचेत बसलेलं सीझियम आणि स्ट्रॉन्शियम साधारण तीस वर्षांनी निम्मं होतं. हजाराव्या हिश्शावर यायला तीनशे वर्षं. प्लुटोनियमला निम्मं व्हायलाच चोवीस हजार वर्षं लागतात. कायमच्या पुरण्याची सोय भारतात अजून उभी राहिलेली नाही. फिनलंडनं चारशे मीटरहून खोल खडकात ती खोदली आहे. तोवर आपले डबे राखणीखाली आहेत. शेतकऱ्याला राखण म्हणजे काय ते माहीत असतं. पीक उभं आहे तोवर रात्री कुणीतरी माळ्यावर जागं असलं पाहिजे. एक रात्र चुकली तर डुकरं सगळं उलथून टाकतात. इथे पीक तीनशे वर्षं उभं राहणार आहे.

राखण चुकली की काय होतं याचा पहिला मोठा दाखला १९५७ चा. सोव्हिएत रशियातल्या उरल भागात मायाक इथे बॉम्बसाठी प्लुटोनियम काढत. उरलेला द्राव पुरलेल्या टाक्यांत साठवत आणि तो स्वतःच्याच उष्णतेनं तापत असल्यामुळे टाक्या थंड ठेवाव्या लागत. एका टाकीची शीतकरणाची व्यवस्था बिघडली, वेळेत दुरुस्त झाली नाही. पाणी आटलं, क्षार कोरडे पडून तापत गेले आणि २९ सप्टेंबरला टाकीचा स्फोट झाला. वरचं काँक्रीटचं झाकण उडालं. गावंच्या गावं रिकामी करावी लागली. सरकारनं ही गोष्ट तीस वर्षांहून अधिक काळ कबूल केली नाही. हा अपघात अणुभट्टीचा नव्हताच, कचऱ्याच्या टाकीचा होता, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अणुभट्टीतलं संकटही शेवटी याच जातीचं असतं. भट्टी बंद करता येते, काही सेकंदांत. पण बंद केल्याबरोबरही तिच्या पोटात सहा-सात टक्के उष्णता निघत असते, पुढे ती कमी होत जाते पण थांबत नाही, कारण तयार झालेली किरणोत्सारी द्रव्यं फुटत राहतात, त्यांना आपलं बटण कळत नाही. मोठ्या भट्टीत ही उष्णता सुरुवातीला दोनशे मेगावॅटच्या घरात जाते. ती दिवस न् दिवस पाण्यानं काढून न्यावी लागते, पाण्याला पंप लागतो, पंपाला वीज लागते. फुकुशिमात ११ मार्च २०११ ला भूकंपानंतर भट्ट्या बरोबर बंद झाल्या होत्या. मग त्सुनामीचं पाणी तळघरातल्या डिझेल जनरेटरांत शिरलं आणि वीज गेली. त्याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राला अधिक जवळ असलेलं ओनागावाचं केंद्र वाचलं, कारण ते बांधताना जुन्या लाटांची आठवण ठेवून जमीन उंच घेतली होती.

नरोऱ्याची गोष्ट मात्र आपली आहे आणि ती आपल्याला शाळेत सांगायला हवी होती. उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची दोन पाती तुटली. कंपनानं हायड्रोजन गळला, आग लागली. मुख्य विजेच्या आणि पर्यायी विजेच्या केबल एकाच मार्गानं, आगीला अडवणारी भिंत मध्ये न घालता टाकल्या होत्या. दोन्ही जळाल्या. जनरेटर शाबूत होते, पण त्यांची वीज पंपांपर्यंत पोहोचायला वाटच उरली नाही. सतरा तास केंद्र अंधारात होतं. कर्मचारी धुरात बॅटऱ्या घेऊन वर चढले, भट्टी पुन्हा पेटू नये म्हणून हातानं झडपा उघडून बोरॉनचं द्रावण सोडलं. आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेलचे पंप त्यांनी बाष्पजनकांना पाणी द्यायला जोडले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. ज्यांनी हे केलं त्यांचे पुतळे कुठे नाहीत, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. देश त्या रात्री त्यांच्या हुशारीवर आणि जिवावर तरला. पण केबल वेगवेगळ्या मार्गानं टाकणं हे कागदावर बसून, थंड डोक्यानं, वर्षानुवर्षं आधी करण्याचं काम होतं.

अपघात टाळणं म्हणजे हेच कंटाळवाणं काम. केबल कुठून जाते, झडप शेवटची कधी फिरवली, टाकीचा तापमापक खरा आकडा दाखवतो का. ज्या दिवशी काहीच घडत नाही तो दिवस नोंदवहीत लिहिणं. आपल्याकडे या कामाला प्रतिष्ठा नाही. उद्घाटनाला मंत्री येतात. झडपेच्या तपासणीला कुणी येत नाही.

यावर लक्ष ठेवायला १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं. २०१२ साली देशाच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगनं, या मंडळाच्या कामाची तपासणी केली. त्यांचे दोन निष्कर्ष आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहेत. वैद्यकीय एक्स-रे यंत्रांपैकी ९१ टक्के यंत्रं मंडळाकडे नोंदलेलीच नव्हती. आणि देशातल्या सगळ्या किरणोत्सारी स्रोतांची, म्हणजे किरण सोडणाऱ्या वस्तूंची, तपशीलवार यादी मंडळाकडे नव्हती. मायापुरीला दोन वर्षं उलटून गेली होती तरीही. त्यानंतर नोंदणी ऑनलाइन झाली, बंदरांवर किरण ओळखणाऱ्या कमानी बसल्या. हे सगळं चांगलं झालं. पण या नियामक मंडळाला सरकारी हुकमाऐवजी कायद्याचा आधार द्यायला म्हणून २०११ साली आणलेलं विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळलं, आणि तो आधार यायला डिसेंबर २०२५ च्या शांती कायद्याची वाट पाहावी लागली. त्याच कायद्यानं खासगी कंपन्यांना अणुवीजनिर्मितीचं दारही उघडून दिलं. २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज असं सरकारचं लक्ष्य आहे.

खासगी कंपनी म्हटलं की सोलापूरकराच्या मनात पहिला प्रश्न येतो तो मिलचा. आपण मिलचं गाव होतो. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं. कुणाला वाटलं होतं की ही धुराडी थंड होतील? मिल बंद पडली तेव्हा कामगारांची देणी वर्षानुवर्षं कोर्टात राहिली, मालकी या हातातून त्या हातात गेली, यंत्रं वजनावर गेली. कंपनीचं आयुष्य माणसाएवढंही असेलच असं नाही, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं नाही, पाहिलेलं आहे. मग तीनशे वर्षं राखायच्या वस्तूची जबाबदारी जिच्यावर टाकायची ती कंपनी पन्नास वर्षांनी नसेल तर वारस कोण? पैसा कुठून येणार? त्या खर्चाची रक्कम वीज विकायच्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या, कंपनीच्या हाताबाहेरच्या खात्यात जमा झाली पाहिजे, दिवाळखोरीतही तिला कुणी हात लावता कामा नये. परवाना देताना ही अट सगळ्यांत वर हवी. बाकी सवलतींवर नंतर बोलू.

शेतजमिनीच्या बाबतीत आपण हे शहाणपण केव्हाच कमावलंय. मालक मरतो, जमीन राहते. म्हणून सातबारा असतो. विकली की फेरफार, मालक गेला की वारसाची नोंद, बोजा असेल तर तोही उताऱ्यावर चढतो. गुंठाभर जमिनीसाठी आपण एवढी नोंद ठेवतो आणि त्या नोंदीसाठी चार-चार पिढ्या भांडतो. प्रत्येक किरणोत्सारी स्रोताचा असा सातबारा असला पाहिजे: कुठे बनला, कुठे बसवला, आज कुणाच्या ताब्यात, आणि वापर संपल्यावर पुरवठादाराकडे परत गेल्याची पोच. रुग्णालय बंद झालं, कारखाना विकला गेला, कंपनी दिवाळखोरीत गेली, तरी फेरफाराशिवाय व्यवहार पुरा होऊ नये.

पण नुसता उतारा पुरत नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. कागदावर विहीर असते आणि रानात नसते. इथे मला आपल्या सिद्धेश्वरांची आठवण होते. श्रीसिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात या गावाभोवती ६८ लिंगं स्थापली अशी आपली श्रद्धा आहे. दर वर्षी संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि त्या ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात. गाव वाढलं, वेशी गेल्या, कुठलं लिंग गल्लीत आलं, कुठलं इमारतींच्या मध्ये सापडलं. पण एकही विसरलं गेलं नाही. याचं कारण यादी नव्हे, कारण पाय आहेत. दर वर्षी माणसं खरोखर चालत जातात, प्रत्येक ठिकाणी थांबतात. कुठला नंदीध्वज कुणी धरायचा याचे मानकरी ठरलेले आहेत, तो मान बापाकडून मुलाकडे जातो, आणि मुलाला वर्षभर आधीपासून सराव करावा लागतो. सीझियमला तीनशे वर्षं लागतात. आपल्या गावानं आठशे वर्षांहून जास्त काळ ६८ जागा लक्षात ठेवून दाखवल्या आहेत. श्रद्धेची गोष्ट मी प्रशासनाच्या हिशेबात ओढतोय असं कुणी समजू नये. माझ्या मनात तिच्याबद्दल आदरच आहे. ठरलेला माणूस, ठरलेला दिवस, प्रत्यक्ष जागेवर जाणं आणि पुढच्या पिढीला हाताला धरून दाखवणं, राखणीची यापेक्षा चांगली रीत मला तरी माहीत नाही.

यावर एक आक्षेप मला आमच्याच ओळखीतल्या एका डॉक्टरांनी घेतला. ते म्हणाले, "तुम्ही हे असं लिहिणार, लोक घाबरणार, आणि उद्या पेशंट रेडिएशनला नको म्हणणार." हा आक्षेप मी हलक्यानं घेत नाही. माझ्या आत्याला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला होता. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात तिला शेक दिले. आपल्याकडे बायाबापड्या किरणोपचाराला शेकच म्हणतात. एसटीनं जाऊन-येऊन आत्यानं ते पुरे केले आणि पुढे एकोणीस वर्षं ती जगली, नातवंडांची लग्नं पाहिली. ज्या बार्शीत देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी उभी राहिली त्या जिल्ह्यातल्या माणसानं किरणांबद्दल भीती पसरवणं हे पाप ठरेल. आत्याला वाचवलं ते किरणांनी आणि मायापुरीतल्या कामगाराला मारलं तेही किरणांनी. मधला फरक राखणीचा होता. बार्शीत त्या खोलीबाहेर दिवा होता, दाराला कुलूप होतं, कुणाला किती मिनिटं हे मोजणारा माणूस होता. भीती अज्ञानातून येते, आणि लपवल्यानं ती वाढते. मायाकच्या आसपासच्या लोकांना तीस वर्षं काही सांगितलं नाही म्हणून ते निरोगी राहिले नाहीत.

दुसरा आक्षेप असा की हे सगळं केंद्राचं काम, मुंबईतल्या अणुशक्तीनगरचं काम. सोलापूरनं त्यात काय करायचं? माझ्या मते पहिले काही तास सोलापूरचेच असतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची बटालियन पुण्याजवळ आहे, अडीचशे किलोमीटरहून लांब. भाभा अणुसंशोधन केंद्र त्याच्याही पलीकडे. ते निघून पोहोचेपर्यंत अग्निशमन दलाचा जवान, पोलीस, भंगारवाला आणि गल्लीतला डॉक्टर एवढेच तिथे असणार. त्यांना तीन शब्द माहीत असले तरी पुष्कळ: वेळ, अंतर, आडोसा. जवळ थांबायचं नाही, लांब जायचं, मध्ये भिंत घ्यायची. अंतर दुप्पट केलं की छोट्या स्रोताचा मारा चौथाईवर येतो. हे शिकवायला पदवी लागत नाही.

डॉक्टरांनी एक खूण लक्षात ठेवायची: भाजल्याची आठवण नाही आणि भाजल्यासारखी, न भरणारी जखम आहे. पेरूमधल्या यानांगो जलविद्युत प्रकल्पावर १९९९ साली एका वेल्डरनं खाली पडलेला इरिडियमचा तुकडा उचलून पँटच्या खिशात ठेवला. पाइपांचे सांधे तपासायला असे स्रोत वापरतात, आपल्याकडेही वापरतात. काही तासांत मांडी जळाली, पुढे त्याचा पाय गेला. तो माणूस पगारी कामगार होता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की असल्या वस्तूला हात लावू नये. ठेक्यावरच्या माणसाला माहिती न देणं ही बचत आपल्या उद्योगांत सर्रास होते, आणि ती अशी वसूल होते.

मग भंगाराची दुकानं. किरणोत्साराचं तीन पात्यांचं पिवळं चिन्ह कुणाला कळत नाही, ते पंख्यासारखं दिसतं. हे जगाच्याही लक्षात आलं, म्हणून २००७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं लाल त्रिकोणातलं नवं चिन्ह आणलं: वर किरण, खाली कवटी आणि पळणारा माणूस. ते आपल्या शहरातल्या प्रत्येक काट्याशेजारी लागलं पाहिजे, आणि खाली मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दूत दोन ओळी. सोलापुरात भंगार उचलणारी पोरं या चार भाषांत बोलतात, त्यातल्या बऱ्याच जणांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी चित्र. महापालिका, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आणि दोन्ही एमआयडीसींनी मिळून किरण मोजणारी काही उपकरणं घ्यावीत आणि अग्निशमन केंद्रात ठेवावीत, ओतकामाच्या कारखान्यांनी स्वतःची घ्यावीत. शंका आलेला माल तपासायला घेऊन जाणाऱ्याला पोलीस ठाण्यात बसवून ठेवू नये. हे सगळ्यांत महत्त्वाचं. भंगारवाल्याला वाटलं की कळवलं तर आपल्यालाच अडकवतील, तर तो ते शिसं रात्री नाल्यात टाकेल किंवा हैदराबादच्या ट्रकमध्ये चढवेल, आणि मग ते कुणालाच सापडणार नाही. कळवणाऱ्याला संरक्षण आणि मालाची भरपाई, दोन्ही द्यायला हवं. गोयानियातल्या त्या बाईसारखा माणूस आपल्या गावात असेलच. त्याला बसनं, पिशवीत घालून न्यावं लागू नये.

आणि वर्षातून एकदा, यात्रेच्या आधी म्हणा किंवा नंतर, जिल्हाधिकारी कार्यालयातला एक ठरलेला माणूस हातात यादी घेऊन जिल्ह्यातल्या प्रत्येक स्रोतापाशी जाऊन उभा राहिला पाहिजे. रुग्णालयं, कारखाने, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा. बंद पडलेल्या ठिकाणी तर आधी. ऑनलाइन भरलेल्या माहितीवर समाधान मानू नये. स्रोत कुठे आहेत हे चोरांना कळेल म्हणून यादी जाहीर करू नका, हे मला मान्य आहे. पण पाहणी झाली की नाही, किती ठिकाणी झाली आणि किती ठिकाणी स्रोत जागेवर सापडला, एवढे तीन आकडे लोकांना कळलेच पाहिजेत.

गेल्या आठवड्यात मी त्या दुकानात पुन्हा गेलो. नव्या चिन्हाचं मोठं रंगीत चित्र छापून नेलं होतं. दुकानदारानं ते नीट पाहिलं, कामाला असलेल्या पोरांना बोलावून दाखवलं, आणि काट्याच्या वरच्या खिळ्याला लावलं. शिसं विकून झालं होतं. कुठे गेलं ते त्याला सांगता आलं नाही.

आमच्या मागांची पावती अजून माझ्या पाकिटात आहे. वजन लिहिलं आहे, दर लिहिला आहे, रक्कम लिहिली आहे. मालाचा तपशील या रकान्यात एकच शब्द आहे: भंगार.